अळूची चव

जेवण झालं आणि मी माझं उष्टं ताट उचलून खानावळीच्या मोरीकडे निघालो.

असं कुणी करत नाही, मलाही ठाऊक आहे. मरोळच्या कारखान्यात त्याच आठवड्यात मला सुपरवायझर केलं होतं. पेढा भरवायला घरात कुणी उरलेलं नाही. कांजूरच्या माझ्या खोलीत खिडकी उघडली की कचऱ्याचा वास तेवढा आत येतो. म्हणून मुलुंडच्या या जुन्या खानावळीत एकटाच आलो. लाकडी टेबलं-खुर्च्या, भिंतीवर मालकाचे आजोबा. समोरची खुर्ची कुणीतरी "घेऊ ना?" म्हणत घेऊन गेलं. उत्तराची वाटही पाहिली नाही.

वालाचं बिरडं, मसालेभात, अळूचं फदफदं. अळूचा घास घेतला आणि थेट लहानपणीचं, गावच्या खोतांकडचं लग्न आठवलं.

आम्ही मांडवाबाहेर, पेरूखाली. वाढायचे ते वरून, हात न लागता. जेवलं की आपलं ताट आपण घासायचं, वेगळं ठेवायचं. एकदा मी ते त्यांच्या ताटांत ठेवलं. खोतीणबाईंनी काठीनं बाजूला ढकललं. आयनं माझ्या पाठीत धपाटा घातला. ओसरीवर ऐकू जाईल, असा.

आणि त्याच अळूची चव शोधत मी पन्नाशीत मुलुंडला येतो. केवढा मूर्ख! जिभेला चव आठवली, हातांना सवय.

माझ्या हातातलं ताट बघून गल्ल्यावरून मालक हसले. अगदी प्रेमानं.

"कोकणातले ना? ओळखलं मी. आमच्या गावीसुद्धा तुमची माणसं ताट घासूनच द्यायची. सांगावं लागायचं नाही कधी."

तुमची माणसं. आडनावसुद्धा विचारलं नाही. सगळ्यांनी ऐकलं. कुणाचा घास थांबला नाही.

मोरी दोन पावलांवर. नळ गळत होता. ताट घासून, हसून, निघून जाता आलं असतं. आजवर तसंच गेलो.

मागे फिरलो. ताट होतं तिथे ठेवलं.

"मालक, सांगावं लागायचं. काठीनं सांगायचे."

नेमका 'काठीनं' म्हणताना ढेकर आला. मोठा. विद्रोहाचीसुद्धा अशी वाट लागते माझ्या हातून.

मालक फोनमध्ये बघायला लागले.

लगेच निघालो असतो तर पळाल्यासारखं दिसलं असतं. म्हणून परत बसलो आणि वर एक पुरणपोळी मागवली. पोटात जागा नव्हती. तरी खाल्ली, सावकाश, गल्ल्याकडे तोंड करून. शेजारी बोलायला कुणी असतं तर बरं झालं असतं. नव्हतं.

ठरवलं ते एवढंच. माझं उष्टं मी माझ्या घरात घासीन. तिथे दुसरं आहे कोण? पण दुसऱ्याच्या दारात, कुणी कितीही गोड हसलं तरी, नाही. आणि गावचं कौतुक कुणी काढलं तर काठीसकट सांगेन. दर वेळी. ढेकर आला तरी.

ताट पुढ्यात ठेवून मी उष्ट्या हातानं तसाच बसून राहिलो. टेबलं पुसणारी बाई शेवटी येऊन उभी राहिली.

"ओ काका, ताट नेते मी. हात पण मीच धुऊ काय तुमचा?"