चौकशीचा फोन आणि माझं नीतिशास्त्र

सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या सोसायटीत दारं समोरासमोर आहेत. समोरच्या दारातल्या वहिनींच्या मुलाचं जमत आलेलं लग्न मी जवळजवळ मोडलं होतं. काही बोलून मोडलं असतं तर निदान बोलण्याचं सुख तरी मिळालं असतं. मी नुसती गप्प बसले होते. आमचे हे हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना सांगतात आणि दर वेळी माझा मूर्खपणा पावशेराने वाढवतात. म्हणून तो मापात आहे तोवर मीच लिहून टाकते.

दोष शिक्षणाचा. बारावी होऊन नंदुरबारहून लग्न करून सुरतेला आले, ती घरबसल्या साड्यांना लेस लावायच्या कामाला लागले. पुढे मुलगी कॉलेजात गेली आणि म्हणाली, "मम्मी, लेस लावता लावता दिवसभर मोबाईलवर प्रवचनं ऐकतेस, त्यापेक्षा परीक्षा दे." तिने बी.ए.ला माझं नाव घातलं. बाहेरून परीक्षा, रविवारी तेवढे वर्ग. विषयांत 'नीतिशास्त्राची ओळख' असा एक विषय होता. मला वाटलं, कावळ्या-कोल्ह्याच्या गोष्टी असतील, शेवटी तात्पर्य असेल. तात्पर्यं मला भरपूर येतात. तोच घेतला.

कावळा काही आला नाही. मॅडम माझ्या मुलीच्या थोरल्या बहिणीसारख्या दिसायच्या आणि गुजरातीत शिकवायच्या. मी कानाने गुजराती ऐकून हाताने मराठीत लिहायचे. वर्गातली पोरं मला मासी म्हणत आणि पहिल्या तासापासून माझ्या डब्याकडे बघत. बरोबर काय नि चूक काय हे ठरवायच्या मोठमोठ्या लोकांच्या तीन तऱ्हा होत्या. त्यांना मी माझ्या सोयीची नावं दिली. पहिले फळ बघणारे. ज्यात जास्त माणसांचं भलं, ते बरोबर. दुसरे नियमवाले. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही, मग आभाळ का कोसळेना. तिसरे स्वभाववाले. ते विचारत, हे केल्याने तू कसली बाई होत चाललीस?

एकदा मॅडमनी विचारलं, तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय, दारात मारेकरी उभा आहे आणि विचारतोय, आत आहे का? तुम्ही खोटं बोलाल का? मी म्हटलं, "आमच्या सोसायटीत वॉचमन आधी त्याची सही घेईल." वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण म्हणाल्या, "बेन, उतावळ नहीं. थांबून विचार करा, मग बोला."

हे 'उतावळ नहीं' मी फारच मनावर घेतलं. चहा ठेवू का, असं कुणी विचारलं तरी मी थांबून विचार करू लागले. आमचे हे मिलमधून दमून आलेले. आपल्या अहिराणीत म्हणाले, "चहामा बी नीती शे का वो?"

त्याच दिवसांत शहाद्याकडून फोन आला.

"नमस्कार ताई. तुमच्या समोरच्या घरचं स्थळ आलंय आमच्या भाचीला. त्यांनीच तुमचा नंबर दिला. म्हणाल्या, त्या कॉलेज शिकतात, त्यांना विचारा. मुलगा हजिऱ्याला कंपनीत आहे ना?"

इथे मला आमच्याकडची रीत सांगायला हवी. सोयरिकीच्या चौकशीत वाईट कुणी सांगत नाही. प्रश्न पुरता संपायच्या आत "हो हो, सोन्यासारखा पोरगा" म्हणायचं, म्हणजे स्थळ चांगलं. काही खोट असेल तर फक्त जरा थांबायचं, घसा खाकरायचा आणि मग म्हणायचं, "तसं घर चांगलं आहे." पलीकडचा काय ते समजतो. माझ्या आईने एका खाकरण्यात मावशीचं एक स्थळ परतवून लावलं होतं. ही रीत मी परकर-पोलक्यात असल्यापासून जाणते.

आणि तरी मी थांबले.

कारण मुलगा हजिऱ्याच्या कंपनीत नव्हता. दिवाळीतच त्याने नोकरी सोडली होती आणि कतारगामला एक छोटं दुकान घेऊन एम्ब्रॉयडरी मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करायला लागला होता. पोरगा निर्व्यसनी, हाताला कसब. पण लग्नाच्या बाजारात हजिऱ्याच्या कंपनीला जो भाव आहे तो दुकानाला नाही. म्हणून वहिनी दर आठवड्याला त्याचा कंपनीचा निळा शर्ट धुऊन गॅलरीत, सगळ्यांना दिसेल असा वाळत घालायच्या. न घातलेला शर्ट इतका स्वच्छ धुतलेला मी दुसरा पाहिला नाही. ही गोष्ट त्यांनी एकट्या मला सांगितली होती आणि कुणाला न सांगायचं वचन घेतलं होतं.

फोन कानाला लावून मी विचार करू लागले. 'हो' म्हणावं तर खोटं. 'नाही' म्हणावं तर वचन मोडतं. म्हणजे नियमवाल्यांचं आपसातच भांडण लागलं. फळ बघावं तर मुलाचं भलं आणि मुलीचं भलं एका तराजूत बसेना. आणि स्वभाववाले विचारत होते, तू कसली बाई? एवढ्यात माझा कुकर एकदा वाजला. मग पुन्हा वाजला.

"बरं ताई," मुलीचे मामा हळूच म्हणाले, "समजलं. उपकार झाले."

फोन बंद. मी खोटं बोलले नव्हते, वचन मोडलं नव्हतं आणि एका चांगल्या पोराला सहज दारुड्या करून टाकलं होतं.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. "हो म्हनाले तुनं काय जात व्हतं?" हो म्हणायला तुझं काय जात होतं?

"खोटं झालं असतं ना."

"मंग हे काय खरं व्हयनं?"

आठवड्याभरात शहाद्याहून वहिनींना निरोप आला, 'पुढे बघू.' वहिनी माझ्याकडेच येऊन बसल्या. म्हणाल्या, "कुणीतरी मधे काडी घातली, ताई." मी त्यांना चहा केला. गप्प बसायचा मला चांगला सराव झाला होता.

रविवारी वर्गात मी सगळं सांगितलं, नावगाव वगळून. पहिल्यांदाच मागचे बाक जागे झाले. एक पोरगा म्हणाला, "मासी, हा बोली देवानुं ने, वात पूरी." हो म्हणून टाकायचं, विषय संपला. त्याच्या शेजारची मुलगी त्याच्यावर उसळली, "तारी बेन होत तो?" तुझी बहीण असती तर? मग अर्धा तास वर्गात लग्नघरासारखा गोंधळ चालला. मॅडम खुर्चीवर बसून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "बेन, तुमच्या गोष्टीत मामा बोलतात, आई बोलते, तुम्ही बोलत नाही. ज्यांचं लग्न आहे त्या दोघांना कुणी काही विचारलं का?"

बसमध्ये बसून मी तीनही तऱ्हा पुन्हा चाळल्या. माझं वचन वहिनींना दिलेलं होतं. पण सांगायची गोष्ट मुलाची होती. ती त्याने सांगावी. आणि ते स्थळ माझ्यामुळे फिरलं, हे वहिनींना सांगायला तर कुठल्याच वचनाची आडकाठी नव्हती. आडकाठी भीतीची होती.

घरी न जाता सरळ समोरचं दार वाजवलं. मुलगा जेवत होता. मी उभ्यानेच सांगून टाकलं.

वहिनी आधी हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे काडी तुमचीच?"

"मी काही बोलले नाही, वहिनी."

"तेच तर. इतकं शिकून एक 'हो' म्हणता आलं नाही? अडाणी होतात तेव्हा किती बरं बोलायचात."

"आई," मुलगा म्हणाला. ताटातच हात धुतला आणि उठला. "शहाद्याच्या मामांचा नंबर लाव."

"काय सांगशील?"

"दुकान आहे म्हणून सांगेन. तो शर्ट किती दिवस धुशील?"

फोन स्पीकरवर होता. मुलाने सगळं सांगितलं. नोकरी कधी सोडली, दुकान कुठे आहे, कधी काम भरपूर येतं आणि कधी दिवस रिकामा जातो, तेही. पलीकडे बराच वेळ शांतता. ती शांतता कशी मोजायची हे आम्ही तिघंही जाणत होतो.

"म्हणजे दारू नाही?" मामांनी विचारलं.

"नाही, मामा."

"पत्ते? सट्टा?"

"नाही."

"मग त्या बाई एवढ्या गप्प कशाला बसल्या?"

वहिनींनी आणि मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मामा म्हणाले, "घरात बोलून कळवतो."

त्यानंतर समोरचं दार माझ्यापुरतं बंद झालं. वहिनी जिन्यात दिसल्या की पिशवीत काहीतरी शोधायला लागत. फाल्गुन आला, गच्चीवर बायकांच्या बिबड्या, आमचे वाळवणाचे ज्वारीचे पापड, सुरू झाल्या. दर वर्षी वहिनी नि मी मिळून ज्वारीचा घाटा शिजवायचो, त्या थापायच्या आणि मी मीठ जास्त झालं म्हणून कुरकुरायचे. या वर्षी त्यांनी एकटीनेच ज्वारी भिजत घातली, हे मला वासावरून कळलं. मी आपली लेस लावत बसले.

तेवढ्यात अनोळखी नंबर वाजला.

"काकू, मी शहाद्याहून बोलतेय. जिच्यासाठी मामांनी तुम्हाला फोन केला होता, ती मीच." आवाज तरुण, पण घाबरलेला नव्हता. "मला एकच विचारायचंय. तुम्ही त्या दिवशी इतका वेळ गप्प का होतात?"

"खरं सांगू?"

"त्यासाठीच फोन केलाय."

मग मी तिला वचन, खोटं, फळ बघणारे, नियमवाले आणि कुकर, सगळं सांगितलं. ती खुदकन हसली. मग म्हणाली, "त्यांनी नोकरी सोडली ती कंटाळून, की हे काम आवडतं म्हणून?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं, "त्यालाच विचार. नंबर देऊ?"

हे मी क्षणभरही न थांबता बोलले. बोलल्यावर माझ्याच लक्षात आलं.

"द्या. मामा देत नव्हते."

नंबर देण्याआधी त्या पोराची परवानगी घ्यायला हवी होती, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. पुढच्या रविवारी तो प्रश्नही मी मॅडमसमोर ठेवला. त्यांनी कपाळाला हात लावला.

पुढे त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढं कळलं की एक दिवस मामा भाचीला घेऊन सुरतेला आले आणि आधी घरी न येता कतारगामच्या दुकानात गेले. तिचाच तसा हट्ट होता म्हणे. तिथे मुलगा निळा शर्ट घालून कामाला बसला होता. कंपनीची पट्टी त्याने उसवून टाकली होती. मुलगी दुकानातून वहिनींच्या घरी आली तेव्हा तिच्या ओढणीला काळा डाग होता आणि ती वहिनींना सांगत होती की दुकानात उजेड कमी आहे, आधी दिवा बदलायला हवा.

वहिनींनी ते ऐकलं आणि पहिल्यांदा माझ्या दाराकडे पाहिलं. मी अर्थातच दाराच्या फटीत उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं दार वाजलं. वहिनी होत्या, हात कोपरापर्यंत पिठाचे.

"घाटा शिजलाय," त्या म्हणाल्या. "सून यायची म्हणजे बिबड्या जास्त लागतील. गच्चीवर या. आणि ताई, तिथे उभं राहून विचार करू नका, घाटा थंड होतो."

मी लेस तशीच सुईत सोडून त्यांच्या मागे निघाले. जिन्यातच मी विचारलं, "मीठ चाखलंत का?"

त्यांनी वळून पाहिलं, जरा थांबल्या आणि घसा खाकरला.