वैशूचा मेडिकलचा फॉर्म

कापूस घरात कसा भरत जातो, माहीत आहे ना? पहिल्या वेचणीचं गाठोडं कोपऱ्यात पडतं, दुसरं त्याच्यावर, आणि एक दिवस पाहुणा येतो तर त्याला टेकायला खाट सापडत नाही. आमच्या वैशूच्या मेडिकलच्या गोष्टी अशाच साचल्यात. पहूरला आमच्याकडे कोणी आलं की आधी त्या थोड्या ऐकाव्या लागतात, मग चहा. मी शाळेत गेले नाही, पण ऐकलेलं विसरत नाही. मी सांगते, सूनबाई लिहून घेते.

वैशू म्हणजे माझी नात. जळगावला बीएस्सी झाली, तीही कशीबशी. ‘नीट’ची परीक्षा पास झाली, पण इथे नंबर लागेल एवढे मार्क नाहीत. मग तिला एक परदेशातलं कॉलेज सापडलं. ते बीएस्सी झालेल्या पोरांना डॉक्टरकीला घेतं, आणि मार्कांबरोबर माणूसही बघतं.

"म्हणजे मार्क कमी असले तरी चालतात?" तिच्या बापाने, माझ्या सुरेशने विचारलं.

"चालत नाहीत बाबा. पण बाकीचं सगळं भक्कम असलं तर ऐकून घेतात."

सुरेशने एक वर्ष दिलं. वर्षात झालं तर डॉक्टर, नाहीतर बीएड. बीएडचा फॉर्म त्याने आणून टीव्हीखाली ठेवूनही दिला.

* * *

मेडिकलच्या फॉर्ममध्ये सुरुवातीलाच विचारलं होतं, दुसऱ्या वर्षी मार्क का पडले? सगळं घर उत्तर द्यायला बसलं.

सुरेश म्हणाला, "लिही, वादळात केळी आडवी झाली."

"बाबा, परीक्षा आधी झाली. वादळ नंतर आलं."

"आभाळ तर भरलेलं होतं ना?"

सूनबाई म्हणाली, "टायफॉइड लिही."

"आई, तो मला बारावीत झाला होता."

"मग? अशक्तपणा राहतो दोन-दोन वर्षं."

मी म्हटलं, दृष्ट लागली असं लिही, ते कोणालाच तपासता येत नाही. वैशूने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि दोन ओळी लिहिल्या. ‘त्या वर्षी मी अभ्यास केला नाही. त्यानंतर करायला लागले.’

सुरेशने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "एवढं खरं लिहितात का कुठे? त्यांना संशय येईल!"

* * *

नुसतं लिहून भागणार नव्हतं. अभ्यास करते हे दाखवायला तिने केमिस्ट्री पुन्हा शिकायचं ठरवलं. जळगावला मेहरूणमध्ये खोली घेतली आणि अकरावी-बारावीच्या पोरांच्या क्लासला नाव घातलं. हिचं वय तेवीस, अंगात साडी. म्हणे साडी नेसली की अभ्यासाला गंभीरपणा येतो.

पहिल्या दिवशी ही वर्गात शिरली तर सगळी पोरं उभी राहिली. "गुड मॉर्निंग, मॅडम!"

ही "बसा," म्हणाली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पोरं मागे वळून बघत राहिली, की मॅडम आता तिथून शिकवणार का!

तेवढ्यात शिकवणारे खरेखुरे सर आले. त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि अदबीने हिच्याजवळ गेले.

"ताई, पालकांची मीटिंग शनिवारी आहे."

दुसऱ्या दिवसापासून पंजाबी ड्रेस.

* * *

मग कळलं, एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्यात उभं राहून त्याचं काम बघायचं, त्याचा दाखला लागतो. हात लावायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. आमच्या गावचे डॉक्टर भले माणूस, म्हणाले, "ये, भिंतीला उभी राहा."

तिसऱ्या दिवशी नामदेव आबा खोकत आले. डॉक्टरांनी विचारलं, "आबा, बिडी किती?"

"सोडली. दोन वर्षं झाली."

भिंतीजवळून आवाज आला, "आबा, सकाळी आमच्या ओट्यावर बसून कोण पीत होतं?"

आबांनी खिशातली बिडी आत ढकलली. मग आबा डॉक्टरांना म्हणाले, "या पोरीले बाहेर बसवा. हिच्यासमोर आजारी पडता येत नाही."

डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं नाही. उलट त्या दिवसापासून पेशंट आला की आधी ते भिंतीकडे बघायचे.

* * *

कॉलेजातल्या एका सरांचं शिफारसपत्र हवं होतं. वैशू गेली. सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." आपल्याकडे पद्धतच ती.

हिला स्वतःची स्तुती करता येईना. लिहून नेलं, ‘विद्यार्थिनी नियमित होती. वागणूक ठीक.’

सरांनी कागद परत दिला. "अगं, एवढ्यावर तुला लायब्ररीचं कार्डही देणार नाहीत."

घरी येऊन रडायला बसली. मी म्हटलं, "मी सांगते, तू इंग्रजी कर." आणि सांगत सुटले. शेजारच्या बाईला विंचू चावला, तेव्हा हिचा पेपर होता, तरी ही तिला दवाखान्यात पोचवून मगच पेपरला गेली. अर्धा तास उशीर झाला, घरी कोणाला बोलली नाही, मला त्या बाईनेच सांगितलं. ही रडते, पण काम संपल्यावर. हिला एखादी गोष्ट येत नसली की ‘येत नाही’ म्हणते, आणि आठ दिवसांनी ती गोष्ट हिला येते.

सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"ही मुलगी आपल्या कॉलेजात होती?"

"सर, मीच."

"मग तीन वर्षं मला कशी दिसली नाहीस?"

मग पत्र त्यांनी स्वतः लिहिलं.

* * *

लोकांची सेवा केली हेही दाखवायचं होतं. माझी धाकटी बहीण बायजा धुळ्याला राहते, तिकडे अहिराणी बोलतात, ‘माझा’ला ‘मना’ म्हणतात. तिच्या गल्लीत वैशूने बीपी तपासायचं मशीन लावलं. ओट्यावर बायकांची रांग.

पहिल्या बाईचा आकडा निघाला एकशे साठ. तिने मान ताठ करून दुसरीला विचारलं, "तुना कितला?"

"एकशे वीस."

"बस्स? सून जेवाले देत नही का?"

बायजाचा निघाला एकशे तीस. बायजा चिडली. "मशीन परत लाव. ओटा मना, नात मनी, आनि मनाच कमी?"

वैशूने हात जोडून सगळ्यांना समजावलं, की आकडा जास्त असणं वाईट, कमी असलेला बरा. मग ती एकशे साठवाली बायजाच्या कानाशी लागली, पण आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला.

"हिले मार्क कमी पडनात ना, म्हनीसन कमीच चांगलं सांगी राहिनी!"

* * *

शेवटी मुलाखत आली. ती घरातूनच, कॉम्प्युटरवर. खोलीत दुसरं कोणी नको असा नियम. सुरेश शेतात गेला, सूनबाई जामनेरच्या बाजाराला. मला वैशूने स्वयंपाकघरात बसवलं. "आजी, काही झालं तरी हलायचं नाही."

मी दाराच्या फटीतून बघत होते. आधी दोघांनी प्रश्न विचारले. ही हसून उत्तरं देत होती. मग पडद्यावर एक पिकल्या केसांची बाई आली. छातीवर हात. वैशू हळू आवाजात इंग्रजीत काही सांगत होती, बाई मान हलवून नाही म्हणत होती. वैशू पुन्हा सांगे, बाई पुन्हा नाही. मध्येच तिने कपाळाचा घाम पुसला आणि डावा खांदा दाबला.

माझी सासू शेवटच्या दिवशी अशीच बसली होती.

मी आत गेले. "सरक," वैशूला म्हटलं.

"आजी, नको!"

"बाई, तुले घरी कोण शे? इच्यार तिले."

वैशूने माझ्याकडे डोळे वटारले, पण विचारलं. बाई म्हणाली, कोणी नाही.

"मग मी येते तुह्यासोबत. ऊठ. गॅस बंद कर. चपला घाल."

वैशूने तेही सांगितलं. बाईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती खाली वाकली आणि बूट शोधायला लागली. आम्हाला तिची नुसती पाठ दिसत होती. तेवढ्यात पडदा काळा झाला. वेळ संपली होती.

वैशू ढसाढसा रडली. "आजी, ते नाटक होतं! तिने आजाऱ्याचं सोंग घ्यायचं आणि मी तिला दवाखान्यात जायला राजी करायचं, हीच परीक्षा होती."

"मग झाली ना राजी?"

"मी करायचं होतं गं!"

सुरेश शेतातून आला. सगळं ऐकलं आणि बीएडचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"पण तिला घाम का आला होता?" मी विचारलं.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. वैशू उभ्या उभ्या वाचत होती, आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. नंबर लागला होता. सूनबाई देवाकडे धावली, सुरेश अंगणात जाऊन उगाच गाडी पुसायला लागला.

वैशू अजून वाचतच होती.

"आजी, खाली तुझ्यासाठी एक ओळ आहे. त्या बाईने लिहिलीय."

"काय म्हणते?"

"आजीला सांग, त्या दिवशी मी दवाखान्यात गेले. आता बरी आहे."