दाजींचा सोफा

आमच्या गॅरेजातल्या मिस्त्रीने वीस वर्षांत गिऱ्हाइकाला खोटा सल्ला दिला तो एकदाच, आणि तोही सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला. या दाजींनी आपल्या घरी चार पाहुण्यांदेखत त्याला सोफ्यावरून उठवलं होतं. "ग्रीसचे हात घेऊन वर काय बसतोस? खाली बस!"

मिस्त्री खाली बसला, पण विसरला नाही.

सहा वर्षांनी दाजी गॅरेजात आले. "हायवेवर आरामात जायला बाइक घ्यायचीय. टूरिंग घेऊ की क्रूझर?"

टूरिंगवर पाय बुडाखाली असतात, खड्डा आला की माणूस पायांवर उठतो. क्रूझरवर पाय पुढे पसरलेले, त्यामुळे सगळा दणका माकडहाडाला. त्यात दाजींची कंबर आधीच अधू. एवढं सगळं गिळून मिस्त्री म्हणाला, "क्रूझरच घ्या! बसून तर बघा, सोफा आहे सोफा."

उभ्या गाडीवर कुणीही फसतो. दाजीही फसले.

पहिल्याच चारशे किलोमीटरांत कंबरेने हात टेकले. डॉक्टरांनी महिनाभर जमिनीवर झोपायला सांगितलं.

मिस्त्री तब्येत विचारायला गेला तो थेट कामावरून. हात न धुताच सोफ्यावर ऐसपैस बसला आणि खाली आडव्या पडलेल्या दाजींना म्हणाला, "असू द्या, असू द्या. तुम्ही उठू नका."