छतातून कापलेले साडेचार इंच

रॉडनी हबेल सहा फूट चार इंच उंच आहे. ही गोष्ट त्याला बरीच वर्षं माहीत होती. फक्त गाडीचं छत कापताना तेवढी लक्षात राहिली नाही.

गाडी १९३१ सालची फोर्ड. टुलेरी गावाजवळच्या एका अक्रोडाच्या बागेत, शेडमध्ये, ती कोंबड्यांच्या ताब्यात होती. मासे धरायची होडी विकून रॉडनीनं ती आणली, तेव्हा त्याची बायको नॅडीन एवढंच म्हणाली, "होडी निदान तरंगत तरी होती."

जुन्या गाड्यांच्या शौकिनांची रीत अशी: गाडीची मडगार्डं काढायची, तिला न झेपणारं जुनं इंजिन तिच्यात कोंबायचं आणि छत कापून खाली आणायचं, म्हणजे ती कुणावर तरी डाफरल्यासारखी दिसते. दूधवाल्यांच्या टाक्या वेल्डिंग करण्यात आयुष्य घालवलेल्या रॉडनीला यात अवघड काही नव्हतं. कापण्याआधी त्यानं आत बसून डोक्यावरची जागा तीनदा मोजली. तिन्ही वेळा सीट बाहेर अंगणात होती. नॅडीन तिच्यावर नवं कातडं शिवत होती.

सीट बसवली आणि रॉडनीची हनुवटी छातीला टेकली.

"छान दिसतोयस," त्याचा मित्र स्किप अरुडा म्हणाला. "प्रार्थनेला बसल्यासारखा."

"परत साडेचार इंच जोडू?"

"मेळावा रविवारी आहे, लेका."

मेळावा चुकवणं शक्यच नव्हतं. रॉडनी जुन्या गाड्यांच्या क्लबात सव्वीस वर्षं होता, पण क्लबची अ‍ॅल्युमिनियमची ओतीव पाटी, जी मागच्या काचेत लटकवतात, ती त्याला कधी मिळाली नव्हती. ती मिळते आपली गाडी चालवत मेळाव्याला आणणाऱ्याला. एका वर्षी फ्रेझ्नोच्या एका दंतवैद्यानं भाडोत्री माणसाकरवी गाडी आणवली आणि फाटकाबाहेर स्वतः स्टीअरिंगवर बसून हात हलवत आत शिरला. तेव्हा बाकावर उभं राहून ठराव मांडला होता तो रॉडनीनंच: निम्म्याहून जास्त वाट जो चालवेल, पाटी त्याची. आणि ट्रेलरवर लादून आणलेल्या गाडीला काहीच नाही.

रविवारी सकाळी रॉडनी आणि नॅडीन निघाले. वाट अकरा मैलांची. स्किप मागून रिकामा ट्रेलर घेऊन येत होता. केवळ प्रेमापोटी, असं तो म्हणाला.

पहिल्या सिग्नलला रॉडनीला स्वतःच्या गुडघ्यांपलीकडे काही दिसेना.

"हिरवा झाला का?"

"झाला," नॅडीन म्हणाली. पाच फुटांची नॅडीन शेजारी ऐसपैस बसली होती. "परत लालही झाला."

दुसऱ्या मैलाला त्याची मान डावीकडे, त्याच्या बाजूच्या दाराकडे वळली आणि वळलेलीच राहिली. त्यानं गाडी कडेला घेतली. स्किपनं खिडकीत डोकं घातलं.

"ट्रेलर?"

"ट्रेलरवर चढली तर ती गाडी नव्हे, सामान," रॉडनी दाराला उद्देशून म्हणाला. मान तिकडेच होती. "नॅडीन, तू चालव."

"अरे, मग पाटी?" नॅडीननं विचारलं.

"गाडी तर पोचेल! सरक इकडे."

वडिलांच्या ट्रॅक्टरवर शिकलेल्या नॅडीनला गिअरची कुरकुर नवी नव्हती. तिनं गाडी अशी पळवली, की दोन वर्षं हिचं इंजिन आपण कुणासाठी बांधत होतो, असा प्रश्न रॉडनीला पडला. तो शेजारी घडी घातलेल्या खुर्चीसारखा बसला होता.

फाटक दिसू लागल्यावर तिनं वेग कमी केला.

"इथून तू घे. स्किप काही बोलणार नाही."

रॉडनीनं स्टीअरिंगकडे पाहिलं. म्हणजे पाहायचा प्रयत्न केला. दिसली ती नॅडीनच्या पलीकडची खिडकी. खिडकीबाहेर तोच बाक होता, ज्यावर उभं राहून तो एकदा गर्जला होता.

"नको. मला दंतवैद्य व्हायचं नाही," तो म्हणाला. "चल आत. आणि हात हलव, लोक बघतायत."

पाटी नॅडीनच्या हातात पडली. टाळ्या सगळ्यात जोरात रॉडनीनं वाजवल्या, भलतीकडे बघत. मग पाटी लटकवायला तो मागच्या सीटवर ओणवा शिरला, आणि निघता निघेना.

"नॅडीन," आतून आवाज आला, "घरी गेल्यावर ती करवत कुठे ठेवलीय, तेवढं आठव."

"हात लावायचा नाही," नॅडीन म्हणाली. "माझी गाडी आहे. मला अगदी बरोबर बसते."