बोडीचा रकाना

अल्का रंगारी एम.एस्सी. झाली आणि गोंदियातल्या एका छोट्या संस्थेत लागली. जिल्ह्यात कोणते पक्षी, मासे, बेडूक कुठे सापडतात, याची नोंद संगणकावर करायचं काम होतं. कुडव्याहून ती स्कुटीने यायची, खुर्चीला ओढणी अडकवायची आणि कामाला लागायची. काम तिला मनापासून आवडायचं.

२०११ च्या पावसाळ्यानंतर संस्थेच्या प्रमुख रुचीमॅडमनी तिला बोलावलं. "अल्का, हर जगह का अधिवास लिखना है. जंगल, पाणथळ, गवताळ, जो भी हो. वर्गीकरण कोणतं वापरायचं ते तू ठरव. लेकिन एक ही रखना, और एका जागेला एकच प्रकार. सॉफ्टवेअर दुसरा घेत नाही."

अल्काला वाटलं, दोन दिवसांचं काम. पण ती अडली बोडीपाशी.

बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. तिच्या गावी, दवनीवाड्याला, बाबांच्या म्हणजे केवळरामच्या धानाच्या बांध्यांना, भाताच्या खाचरांना, लागूनच एक होती. पावसाळ्यात तिच्यात कमळं, शिंगाडे, अडई बदकांचे थवे. कमळाच्या पानांवर कमळपक्षी घरटं करायचे. हिवाळ्यात पाणी उतरलं की कडेच्या ओलीत लोक लाखोळीचं कडधान्य पेरायचे आणि उन्हाळ्यात तिथेच ढोरं चरायची. हिला काय म्हणायचं?

वनखात्याच्या धर्तीवरचं वर्गीकरण झाडांवरून चालायचं. त्यात पाण्याला जागाच नव्हती. परदेशी वर्गीकरणात पाणथळ होतं, पण ठरावीक आकारापेक्षा मोठं किंवा बारमाही. शेतातलं हंगामी पाणी त्यात 'शेती'खाली जायचं. तिसरा रस्ता म्हणजे आपलंच वर्गीकरण करायचं. अल्काने ते करूनही पाहिलं. 'बोडी' असा वेगळा प्रकार लिहिला तेव्हा तिला फार बरं वाटलं.

मॅडमनी वाचलं. "अच्छा है. पण आपली माहिती वरच्या समितीकडे जाते. त्यांच्या यादीत हे नाव नसेल तर आपलं सगळं परत येईल."

शेवटी अल्काने परदेशी वर्गीकरण निवडलं. जिल्ह्यातल्या बहुतेक बोड्या एका दुपारी 'शेती' झाल्या. तिने प्रत्येकीच्या शेऱ्यात लिहून ठेवलं : हंगामी पाणी, पाणपक्ष्यांची वीण. निदान वाचणाऱ्याला कळेल, असं तिला वाटलं.

तीन वर्षांनी दवनीवाड्याच्या बोडीचे हिस्सेदार जागा विकायला निघाले. धानाचं गोदाम होणार होतं. परवानगीसाठी पाहणी झाली आणि पाहणीवाल्यांनी याच संस्थेकडून माहिती मागवली : जागेवर पाणथळीतले जीव आहेत का?

माहिती काढायचं काम अल्काकडेच आलं. तिने गाव निवडलं, 'पाणथळ' निवडलं, बटण दाबलं. पडद्यावर शून्य आलं. तिने पुन्हा दाबलं. शून्यच. शोधात शेरा धरला जात नव्हता.

ती धावत मॅडमकडे गेली. मॅडमनी लगेच समितीला फोन लावला. बराच वेळ "जी, जी" चाललं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "वर्गीकरण बैठकीशिवाय बदलत नाही. बैठक पुढच्या वर्षी. मी उत्तरासोबत वेगळं पत्र जोडते."

पत्र जोडलं. पोचल्याची पावतीही आली. पण पत्राचं पुढे काही झालं नाही आणि गोदामाला परवानगी मिळाली.

रविवारी ती गावी गेली. बाबा बोडीच्या पाळीवर, कडेच्या मातीच्या बांधावर, बसले होते. पलीकडे बोडीत मुरमाचे ट्रक रिकामे होत होते.

"काऊन वं अल्का," बाबा म्हणाले, "साहेब मने, इथं पाखरंच नाहीत. तुमच्याच कम्प्युटरात तसं हाये मने. खरं काय?"

"पाखरं हायेत बाबा त्यात. पण जागा शेती मनून लिवली हाये."

"कोनं लिवली?"

"मीच."

"मंग तूच बदलव ना. तुले तं येते."

"मले बदलवता येत नाही."

"काऊन?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. रकाने, समिती, बैठक. बोलता बोलता तिलाच ते खोटं वाटू लागलं. बाबांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "धान निसवते तवा शेवटचं पानी इथूनच घेत होतो मी," एवढंच म्हणाले आणि बैल सोडायला उठले.

त्या साली पाऊस लवकर उघडला. खालच्या दोन बांध्यांतलं धान पळंजीच झालं, लोंब्यांत दाणा भरलाच नाही.

पुढच्या वर्षी बैठक झाली आणि यादीत 'शेतातील हंगामी जलाशय' हा प्रकार आला. मॅडम पेढे घेऊन आल्या. अल्काने एकेक बोडी नव्या प्रकारात टाकायला घेतली. दवनीवाड्याची आली तेव्हा सॉफ्टवेअरने सद्यस्थिती विचारली. 'बांधकाम' हा पर्याय होता. तो निवडताच कमळपक्ष्याची नोंद राखाडी झाली, जुन्या, बंद नोंदींसारखी.

तिने ओळ पुसली नाही. पुसायचा अधिकार तिला नव्हताच. पेढा टेबलावर तसाच होता. तिने पुढचं गाव उघडलं.