भरण्यातले की न भरण्यातले?

आयकर न भरणाऱ्या माणसांत माझ्या साडूंइतका आयकराने छळलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. दिग्रसच्या बसस्टँडजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि गावाबाहेर चार एकर वावर. गावातली घड्याळं त्यांच्यामुळे वेळेवर चालतात. स्वतः साडू मात्र कायम पंधरा मिनिटं पुढे. चहा अर्धा टाकून उठतात, दुसऱ्याच्या चपला घालून निघतात, आणि जुलै लागला की बघायलाच नको. मी यवतमाळला शाळामास्तर, म्हणजे दरसाल विवरणपत्र भरणारा. दात घासायच्या आधी माझा फोन वाजतो. "साडूभाऊ, एकदाचं सांगून टाका, आपण भरण्यातले की न भरण्यातले?"

हा प्रश्न त्यांनी विचारला नाही असा माणूस उरलेला नाही. पुसदच्या बसमध्ये कंडक्टरला विचारला, लग्नाच्या पंगतीत वाढप्याला विचारला. एका तेरवीला तर त्यांनी सुतकी घरच्या थोरल्यालाच बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "गेलेल्या मान्सालेही भरा लागते काय हो?" नोटीस येईल या धास्तीने त्यांची झोप उडायची; आणि कोणी "तुम्हाला कशाला भरावं लागतंय?" म्हटलं की चेहरा असा पडायचा, जणू पोरीचं स्थळ मोडलं. शेतीचं उत्पन्न करात धरत नाहीत हे मी सांगितलं तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकतील असं मला वाटलं होतं. तर ते ताडकन उठले. "धरत नाई म्हंजे? मंग वर्षभर वावरात म्या काय करून राह्यलो?"

त्यांची एक वही आहे. घरात जे काही येईल ते त्या वहीत, एकाच पानावर. दुकान, ठेवीचं व्याज, शिलाई. शिलाई म्हणजे माझी थोरली मेहुणी, आम्ही त्यांना ताई म्हणतो, ब्लाउज शिवतात त्याचे पैसे. नवरीचं ब्लाउज ताईंच्याच हातचं हवं म्हणून आर्णीपासून बायका येतात. पण ताई काय करताहेत असं फोनवर विचारलं की साडूंचं उत्तर ठरलेलं, "काई नाई, बसली हाय मशीनवर."

गेल्या जुलैत मी कंटाळलो आणि त्यांना धरून करसल्लागाराकडे नेलं. गावात त्यांना सगळे वकीलसाहेबच म्हणतात. ताईंना अस्तराचं कापड घ्यायला बाजारात यायचंच होतं, त्याही आल्या. साडू खुर्चीवर टेकेनात. वकीलसाहेबांनी वही चाळली आणि शिलाईवर बोट ठेवलं.

"हे कोणाचं?"

"आमचंच."

"मशीन तुम्ही चालवता?"

"म्या? नाई बाप्पा! हे हिचं काम."

"मग हे उत्पन्नही यांचं. तुमच्यात कसं धरता येईल?"

साडू चक्रावले. "घर एक, चूल एक, मंग कमाई दोन कशी?"

"सरकार चूल नाही पाहत, भाऊ. काम कोणी केलं ते पाहते."

मग त्यांनी दोन वेगळे कागद घेतले. साडूंचा आकडा कराच्या हद्दीच्या इतका अलीकडे निघाला की वकीलसाहेबांनीच तो पुन्हा तपासला. ताईंचा त्याच्या दुपटीहून जास्त. "यंदा नाही," ते ताईंना म्हणाले, "पण अशीच लग्नसराई लागली तर पुढच्या वर्षी तुम्हाला भरावं लागेल. पॅन कार्ड काढून ठेवा."

ताई घाबरून नवऱ्याकडे बघायला लागल्या. साडू त्या दोन कागदांकडे बघत बसले होते. बसले होते, हे महत्त्वाचं. मी त्यांना एवढा वेळ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

खाली टपरीवर त्यांनी चहा पूर्ण प्यायला. मग ताईंना विचारलं, "तुले ठाऊक होतं?"

"मले कसं ठाऊक राहीन? वही तं तुमच्याजवळ असते," ताई म्हणाल्या आणि अस्तराची पिशवी उचलायला वाकल्या. साडूंनी ती आधीच उचलली होती.

यंदाचा जुलै आला. पहिला आठवडा गेला, फोन नाही. दुसरा गेला. खोटं कशाला बोलू, मलाच चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी मीच फोन केला. साडू सावकाश बोलले. ताईंचं पॅन कार्ड आलंय, पोस्टमनने दारात ताईंच्या नावाने हाक मारली, तेव्हा कोणाला हाक मारतोय हे दोघांनाही क्षणभर कळलं नाही. आता ताईंची वेगळी वही आहे, आणि ती ताईंकडेच असते.

"मग यंदा भरण्यातल्या की न भरण्यातल्या?" मी चिडवलं.

"ते तिले इचारा नं, मले काहून इचारता?"

मागे मशीनची खडखड ऐकू येत होती. मी सवयीने विचारलं, "ताई काय करताहेत?"

"कामावर हाय," साडू म्हणाले. "झालं की सांगतो तिले फोन कराले."