पाया पडनारी सिस्टर

माह्ये दोन्ही पाय जागेवर हायेत. ते निर्मला सिस्टरमुळे.

ती गेली त्याले आज वर्ष झालं. लंबंचौडं लिहीत नाही. तिले बी आवडत नव्हतं.

उमरखेडात माह्यं टेलरिंगचं दुकान. पायाची मशीन. शुगर जुनीच.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून आमच्या वार्डात फिरे. बीपी पाहे, बोटातून शुगर तपासे, अन् मंग एकच टुमनं.

"काकाजी, पाय दाखवा."

"शुगर रक्तात हाय ना? मंग पायात काहून पाह्यतं?"

"शुगरवाल्याचा पाय मुका होते. लागलं तरी सांगत नाही."

"माहा बरोबर बोलते. निघ तू."

परक्या बाईमानसानं आपले पाय चिवडावं, हे मले जमेच ना.

एक दिवस आली, अन् पाय दाखवा म्हटलंच नाही. सरळ वाकली. दोन्ही पायाले हात लावला.

आता पाया पडनाऱ्याले कोन नाही म्हनते? माहा हात आपोआप तिच्या डोक्यावर.

"सुखी राय, माय."

ती काही उठे ना.

"झाला ना आशीर्वाद? उठ."

"द्या अजून. बोटं झाले, टाचा राह्यल्या."

चोट्टी!

तवापासून दर खेपेले हेच. ती खाली अंगठा फिरवे, मी वरून आशीर्वाद देत राहो. लेकरं, नातवंडं, प्रमोशन, सगळं देऊन झालं.

गिऱ्हाईक म्हनत, "सिस्टर लय संस्कारी हाय हो."

"व्हय. लयच."

मंग एक दिवस तिचा अंगठा थांबला.

"इथं दुखते?"

"कुठं?"

"इथं हो. दाबून राह्यली ना मी."

"तू दाबून राह्यली?"

तिचं हसू गेलं.

मशीनच्या मोडक्या सुईचं टोक तळव्यात घुसलं होतं. भवताल लाल, गरम. अन् मी त्याच पायानं पायडल मारून राह्यलतो!

म्हटलं, "चिमटा हाय इथं. काढून टाकतो."

"हात लावाल त खबरदार! दुखलं असतं त मी खुश झाली असती काकाजी. दुखत नाही, तेच वाईट हाय."

वरून साफ पट्टी बांधली, स्कूटीवर बसवलं, सीधा दवाखाना. डॉक्टरनं टोक काढलं, पू काढला. म्हने, अजून उशीर झाला असता त पाय कापा लागला असता.

घरी आलो त तडक मशीनवर बसलो. लग्नसराई होती, ब्लाउजाचा ढीग पडला होता. सिस्टर मागंमागं आली. मशीनचा पट्टा काढला अन् आपल्या पर्समधी टाकला.

"जखम भरली का घेऊन जा."

"पोलिसात देईन तुले!"

"द्या. पन चालत नका जाऊ."

ड्रेसिंगले आली का मी पट्टा मांगो. ती जखम पाहे अन् मुंडी हालवे. पार सुकली तवाच देल्ला बाईनं. तोच पट्टा अजून चालून राह्यला.

अन् गेल्या वर्षी अचानक हार्टनं तीच गेली.

महागावले तिच्या घरी गेलतो. लोकं पाया पडून राह्यलते. मी बी वाकलो.

तिचा भाऊ म्हने, "काकाजी, तुम्ही त मोठे. तुम्ही काहून पडता?"

तिच्या पायाले हात लावला. बोटातून, टाचेवरून अंगठा फिरवला.

साफ होते. कुठंच काही नव्हतं.

खाली कमेंटमधी फुलं अन् जोडलेले हात टाकत बसू नका. घरात कोनी शुगरवाला बुढा असन अन् पाय दाखवत नसन, त त्याच्या पाया पडा.

अन् जरा वेळ उठू नका.

सुखी राय, माय.